मुख्य आवाज

मुलाला पाठीमागून हाक मारायची आणि तो वळतो का ते बघायचं. परीक्षा एवढीच. ईश्वरी ती दिवसातून कितीदा घ्यायची हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. ओजस हॉलच्या फरशीवर बसून वाटीत वाटी घालत होता. ती त्याच्या मागं, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. टाळी वाजवायची नाही, पाय आपटायचा नाही. फरशीला धक्का बसला की पोरगं हादऱ्यानं वळतं आणि आईला वाटतं, ऐकलं.

"ओजस."

वाटीत वाटी.

"ओजू, ए सोन्या, इकडं बघ की."

वाटीत वाटी. उजव्या कानामागच्या यंत्राचा हिरवा ठिपका संथपणे लुकलुकत होता. यंत्र चालू होतं, बॅटरी भरलेली होती, सकाळीच तिनं दोनदा बघितली होती.

तेवढ्यात जिन्यापलीकडच्या घरातून, दोन उघड्या दारांतून, कुणीतरी भाजीवाल्याला म्हणालं, "कढीपत्ता कुठाय ओ मामा? दरवेळी विसरताय."

ओजसची मान झटकन वर गेली. वाटी हातातून सुटली. चेहऱ्यावर असं काही उजळलं की ईश्वरीला तिथं उभं राहणं नको झालं. दुडदुडत तो दाराकडं धावला, तिच्या पायाजवळून, तिच्याकडं न बघता.

"आला का माझा राजा!" पलीकडून अक्का हसली. "ईश्वरी, सोड गं त्याला. आत्याचाच आहे तो. बारशाला कानात कुर्र कुणी केलं होतं?"

सगळे या विनोदावर नेहमी हसायचे. ईश्वरीही हसली. बारशाला त्या कानाला काहीच ऐकू येत नव्हतं, असं ती मनात म्हणाली.

ओजस जन्मतः बहिरा. हा दोष तिच्या नवऱ्याच्या, समर्थच्या घराण्यात रक्तातून उतरत आला होता. समर्थची थोरली बहीण रेणुका, म्हणजे घरातल्या सगळ्यांची अक्का, तिची रेवाही तशीच जन्मली होती. रेवा पाच वर्षांची होऊन तापाच्या निमित्तानं गेली, त्याला दोन वर्षं होत आली होती. अक्काचे मालक हैदराबादला नोकरीला. त्यामुळं अक्का एकटीच समोरच्या घरात राहायची, आणि तिचा दिवस ओजसच्या भोवती फिरायचा. सोलापुरात आता उन्हाळ्यात दुपारी सगळं बंद ठेवायचा नियम झाला होता. कारखाने, शाळा, बाजार पहाटे सुरू होऊन दहा-साडेदहाला थंडावायचे. ईश्वरी एका टॉवेलच्या कारखान्यात डिझाइन करायची. तिच्या पहाटेच्या पाळीत ओजस आत्याकडं असायचा. तेव्हा ओढ असणारच, असं सगळ्यांचं म्हणणं. ईश्वरीलाही ते पटायचं. वळण्याच्या त्या वेगावर मात्र तिचा विश्वास बसत नव्हता. ओढ अशी विजेसारखी नसते.

आपल्या कानाच्या आत गोगलगाईच्या कवचासारखा एक वळसा असतो. त्यात हजारो सूक्ष्म केस डोलत असतात आणि आवाजाच्या लाटा मेंदूला कळतील अशा विजेत बदलतात. ओजसचे ते केस जन्मापासून निजलेले. शस्त्रक्रियेत त्या वळशात एक बारीक तार सोडली होती आणि तारेवर जेमतेम दोन डझन बिंदू होते. हजारोंचं काम दोन डझनांनी करायचं म्हटल्यावर निवड आली. कानामागचा प्रोसेसर बाहेरचा आवाज पकडतो, पण त्यातलं काय पुढं आणायचं, काय मागं ढकलायचं हे यंत्र ठरवत नाही. ते ठरवतं यंत्रातलं सॉफ्टवेअर.

या सॉफ्टवेअरचं नाव होतं 'साद'. बाळ पोटात असल्यापासून आईचा आवाज ओळखतं. बहिऱ्या बाळाच्या वाट्याला ते महिने येत नाहीत. साद ती उणीव भरून काढायची. पहिले काही आठवडे ती नुसती ऐकत राहायची. मुलाच्या जवळ, मुलाशी, सगळ्यात जास्त कोण बोलतं? तो ठरायचा 'मुख्य आवाज'. एकदा ठरला की लग्नाच्या गर्दीत, मिक्सरच्या घरघरीत, टीव्हीच्या कलकलाटातसुद्धा साद तोच आवाज अलगद उचलून मुलासमोर ठेवायची. बाकीचं जग मागच्या रांगेत.

हा प्रोसेसर रेवाचा होता.

आपल्याकडं बाळाला पहिलं अंगडं नवं घालत नाहीत. घरातल्या दुसऱ्या लेकराचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं घालतात. गेलेल्या लेकराचं मात्र कुणी घालत नाही. म्हणून ओजसच्या शस्त्रक्रियेनंतर अक्का स्टीलच्या डबीत तो प्रोसेसर घेऊन आली, तेव्हा सासूबाईंचा चेहरा पडला होता. अक्का म्हणाली होती, "कपडे नाही देत, आई. कान देतेय." शिबिरात मिळालेल्या साध्या प्रोसेसरवर ओजस फक्त दचकायचा. रेवाचा लावला आणि आठवड्यात तो माणसांकडं बघायला लागला. सगळ्यांनी अक्काचे हात हातात घेतले. अंगडं देताना त्याचे कागद कोण विचारतं?

---

"ऐकतो छान," नगमा मॅडम म्हणाल्या. शहरातल्या श्रवणतज्ज्ञांपैकी त्यांच्याकडं मुलं रडत नाहीत असा लौकिक होता. ओजस त्यांच्या टेबलाखाली बसून रबरी हत्तीचा कान चावत होता. "आलेख बघा, प्रत्येक बिंदू काम करतोय. काळजी कसली आहे तुम्हाला?"

"माझं ऐकत नाही."

"या वयात कुणाची मुलं ऐकतात?"

"तसं नाही मॅडम. माझा आवाज त्याला येतच नाही. अक्कांचा लगेच येतो. भिंतीपलीकडून येतो."

मॅडमचं हसू जरा थांबलं. त्यांनी प्रोसेसर काढून तारेनं संगणकाला जोडला. ओजसनं वर बघितलं, ओठ दाबले आणि पुन्हा हत्तीकडं वळला. शांततेची त्याला सवय होती. पडद्यावर काहीबाही सरकत गेलं. मग मॅडमनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"मुख्य आवाजाचा नमुना इथं असतो. ऐकवू?"

ईश्वरीनं मान हलवली.

"रेवू! ए रेवू, आ कर बघू. आ... ह्या, हा घास चिमणीचा, आणि हा... अगं सांडालीस सगळं!" आणि मग हसू. खळखळून, मोकळं. ईश्वरीला क्षणभर कळलंच नाही हे कोण हसतंय. अक्का अशी हसायची, हे ती विसरूनच गेली होती.

"पुसा हो हे," ती म्हणाली, आणि स्वतःच्याच आवाजाला दचकली. "म्हणजे, माझा आवाज घाला त्या जागी."

"माझ्या हातात नाही. कुलूप आहे."

"यंत्र तर आमचंच आहे."

"यंत्र तुमचं. साद तुमची नाही." मॅडमनी खुर्ची तिच्याकडं वळवली. "चादर विकत घेतली की चादर आपली. पांघरा, फाडा, कुणाला द्या. सॉफ्टवेअर असं विकत मिळत नाही. मिळते ती फक्त वापरायची परवानगी. लायसन्स म्हणजे तेच. एसटीच्या पाससारखं समजा. गाडी तुमची होत नाही, पासवर ज्याचा फोटो त्यानंच बसायचं. या पासवर रेवा बिराजदारचा फोटो आहे. प्रवास ओजस करतोय."

"मग कुणी उघडून बदलू शकत नाही? कुणीतरी लिहिलंच असेल ना ते."

"लिहिलंय. पण माणसानं वाचावं असं लिहिलेलं, मूळ संहिता, ती कंपनीच्या तिजोरीत. आपल्या यंत्रात असतात ते नुसते आकडे, यंत्रानं वाचायचे."

हे ईश्वरीला लगेच समजलं. तिच्या कारखान्यात जुन्या जेकार्ड मागांचे भोकं पाडलेले पुठ्ठे अजून भिंतीला टांगलेले होते. माग पुठ्ठा वाचायचा आणि मोर विणायचा. पण नुसता पुठ्ठा बघून मोराची मान लांब करता येत नसे, त्यासाठी चौकटीच्या कागदावर रंगवलेलं मूळ चित्र लागायचं. ते चित्र मालकाच्या कपाटात, आणि मालक कपाटाची किल्ली कमरेला लावून झोपायचा.

"सगळेच असं कपाटात ठेवतात?"

"सगळे नाही. मोकळी सॉफ्टवेअर्सही आहेत. मूळ संहिता कुणीही वाचा, बदला. अट एकच असते काहींची, की बदललेलं पुढच्यालाही तसंच मोकळं द्यायचं. कानासाठीही आहे तसं एक, पालकांनीच मिळून केलेलं. पण हा प्रोसेसर कंपनीची सही नसलेलं काही आत घेत नाही." मॅडम पुन्हा पडद्याकडं वळल्या. "एक रस्ता आहे. परवाना दुसऱ्या मुलाच्या नावावर करता येतो. मूळ मूल यंत्र वापरत नसेल तर."

"मग करा की!"

"मी नाही. रेवाच्या आईनं करायचं. आणि कारण सांगायचं. एक तर मूल नव्या यंत्रावर गेलं, त्या यंत्राचा क्रमांक द्यावा लागतो. नाहीतर..." मॅडमनी वाक्य सोडून दिलं. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "तोंडी सांगायचं असतं. ज्या आवाजावर कुलूप बसलंय, तोच आवाज किल्ली. त्यांनी ते वाक्य म्हटलं की जुना नमुना जातो आणि साद कोरी होते."

"अक्कांना हे माहीत नसेल."

मॅडमनी पडद्यावरची दुसरी ओळ दाखवली. दरवर्षी परवान्याच्या नूतनीकरणाला एक प्रश्न अक्काच्या फोनवर जातो. रेवा बिराजदार यंत्र वापरत आहे का? यंदाही गेला होता, गेल्या वर्षीही.

दोन्ही उत्तरं होती, हो.

ओजसला कडेवर घेऊन ती निघाली तेव्हा मॅडम दारापर्यंत आल्या. "घाई करा असं म्हणत नाही. पण तीन-साडेतीन वर्षांपर्यंत मेंदू आवाजाला माणूस जोडत असतो. नंतरही जोडतो, पण पाठ केल्यासारखा."

ओजसला तिसरं लागून बरेच महिने झाले होते.

---

"अगं, तिचं सगळं गेलंय," समर्थ म्हणाला. "तू काय मागतेयस कळतंय का तुला?"

"मी माझा मुलगा मागतेय."

"तो कुठं गेलाय? रात्री तुझ्याच कुशीत झोपतो ना?"

"यंत्र काढून झोपतो."

समर्थ म्हणाला, "बघू, दिवाळीनंतर बोलतो मी." ईश्वरीला त्याची दिवाळी ठाऊक होती. ती दरवर्षी पुढच्या वर्षी यायची.

सुचायला नको ते तिला एका भर दुपारी सुचलं. खिडक्यांना ओले पडदे, गल्ली चिडीचूप. ओजस चटईवर रेल्वेचे डबे लावत होता. ती त्याच्या मागं बसली. घसा जरा खाली नेला, शब्दांची शेपटं लांबवली, जीभ अक्कासारखी सैल सोडली.

"काय करालास रे राजा?"

त्याच्या हातातला डबा थबकला. अर्धवट. संशयानं.

ती पुन्हा म्हणाली, आणखी खालून, आणखी हसून. तोंडात घास असल्यासारखी अक्का बोलायची, तसं. "ए राजा, इकडं ये की."

ओजस वळला. तो उजेड, जो तिनं आजवर फक्त बाजूनं बघितला होता, तो पहिल्यांदा सरळ तिच्या तोंडावर पडला. तो धावत आला, तिच्या गळ्यात पडला, आणि ती रडत रडत बोलत राहिली, उसन्या आवाजात, जे सुचेल ते. पुढचे कितीतरी दिवस दुपारी दार लावून ती हेच करत राहिली. अक्काचं खोकणं, 'हात् तिच्या' म्हणणं, शब्द संपताना येणारा तो हेल. ती पटाईत झाली. एकदा समर्थ लवकर घरी आला आणि दाराबाहेरून म्हणाला, "अक्का, ईश्वरी कुठाय गं?"

दार उघडलं तेव्हा ईश्वरी एकटीच ओजसला मांडीवर घेऊन बसली होती. समर्थनं खोलीभर बघितलं, मग तिच्याकडं बघितलं, आणि चप्पल न काढता तिथंच पायरीवर बसला.

"हे बंद कर," तो म्हणाला. "मला भीती वाटतेय."

तिलाही वाटत होती. आदल्या दिवशी तिनं फोन केला तेव्हा तिची आई म्हणाली होती, कोण बोलतंय?

---

दुसऱ्या दिवशी ती अक्काकडं गेली. ओजस तिथंच होता, खिडकीशी, कपड्यांच्या चिमट्यांची रांग करत. अक्का शेंगाचटणीसाठी दाणे निवडत होती.

"अक्का, तुम्हाला माहीत होतं."

"काय?"

"साद. रेवाच्या नावावर आहे ते. मुख्य आवाज तुमचा आहे ते."

अक्काचे हात चालत राहिले. "तुला कुणी सांगितलं? त्या नगमानं?"

"एक वाक्य तुमच्या आवाजात म्हटलंत की कुलूप सुटतं, आणि दोनदा 'हो' म्हटलंत तुम्ही."

"मग काय म्हणू?" अक्कानं ताट बाजूला सरकवलं. "नाही म्हणू? सांग की. शिकलेली आहेस तू. फोन विचारतो, रेवा वापरते का. वापरत नाही म्हणू, मग तो विचारणार का. मग काय सांगू मी फोनला?"

"ओजस मला ओळखत नाही, अक्का."

"ओळखत कसं नाही? आईला कोण ओळखत नाही?"

"वासानं ओळखतो. हातानं ओळखतो. हाकेला नाही."

"येईल की मोठा झाल्यावर. एवढी कशाची घाई गं तुला? चोवीस तास तुझाच आहे. मला पहाटेचे चार तास मिळतात, तेही तुझ्या डोळ्यांत खुपालेत होय?" अक्का उठून उभी राहिली, पुन्हा बसली. आवाज एकदम खाली आला. "हे बघ ईश्वरी. माझ्या हाकेसरशी कुणीतरी मान वळवतं, असं जगात एवढंच उरलंय. मला ठाऊक आहे तो रेवा नाही. मी येडी नाही. पण तिच्या कानात अजून मी आहे ना? तेवढं राहू दे."

ईश्वरीला बोलायचं होतं ते सगळं विसरायला झालं. ती तशीच परत फिरली असती. पण खिडकीशी ओजसच्या रांगेतला एक चिमटा पडला, तो उचलायला ओजस वाकला, आणि तिच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, अक्काच्या हेलात, अक्काच्या आवाजात, "अर्रे, पडला होय राजा?"

अक्काचा रंग उडाला.

ओजस वळला. आवाज आत्याचा होता आणि तोंड आईचं हललं होतं. त्यानं आत्याकडं बघितलं.

"काय बोलालीस तू?" अक्का कुजबुजली.

तोच आवाज, आता खऱ्या आत्याकडून. ओजसनं मान पुन्हा फिरवली. एकीकडून दुसरीकडं, पुन्हा एकीकडं. त्याचा खालचा ओठ थरथरायला लागला. जगात त्याला एकच आवाज ठाऊक होता, आणि आता तो दोन तोंडांतून येत होता. त्यानं हात वर नेला, कानामागचा प्रोसेसर ओढून काढला, फरशीवर टाकला. आणि दोघींकडं पाठ करून, आवाज नसलेल्या आपल्या जुन्या जगात, चिमटे लावायला बसला.



"कधीपासून करतेस हे?" अक्कानं विचारलं.

"बरेच दिवस झाले."

"त्याच्यासाठी?"

"तो माझ्याकडं बघायचा मग."

अक्का खाली वाकली. प्रोसेसर उचलला, पदरानं पुसला, तळहातावर ठेवून बघत राहिली. मग म्हणाली, "येडे. लेकरासाठी स्वतःचा आवाज टाकलास?" आणि थोड्या वेळानं, "काय वाक्य आहे ते?"

---

नगमा मॅडमनी प्रोसेसर टेबलावर मधोमध ठेवला. ओजसला बाहेर समर्थकडं दिलं होतं. पडद्यावर वाक्य आलं. कंपनीनं ते कुठून तरी भाषांतर करून आणलेलं होतं. 'मूळ परवानाधारक हयात नाही. मी हा परवाना स्वेच्छेने सोडत आहे.'

अक्कानं चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला.

"रेवा गेली," ती यंत्राला म्हणाली.

पडदा म्हणाला, 'समजले नाही. कृपया दिलेले वाक्य उच्चारा.'

"गेली रे. माझी रेवा गेली. आता तू ह्या पोराचा हो."

'समजले नाही. कृपया दिलेले वाक्य उच्चारा.'

"ह्याला मेल्याला मराठी येत नाही का?" अक्का चिडून म्हणाली. मॅडमना हसू आलं आणि त्याच क्षणी डोळे भरून आले. त्या खिडकीकडं बघायला लागल्या. ईश्वरीनं अक्काचा हात धरला.

"अक्का, राहू दे. आपण घरी जाऊ."

"गप बस." अक्कानं हात सोडवून घेतला, पदर सारखा केला. शाळेत कविता म्हणायला उभ्या केलेल्या मुलीसारखी ताठ बसली. "मूळ परवानाधारक," ती म्हणाली आणि थांबली. यंत्र वाट बघत होतं. "हयात नाही."

दुसरं वाक्य तिनं एका दमात म्हटलं.

प्रोसेसरवरचा हिरवा ठिपका विझला आणि काही क्षणांनी पांढरा होऊन उगवला. नवा, कोरा. पडद्यावर नाव विचारलं होतं. मॅडमनी टाइप केलं, ओजस समर्थ हत्तुरे.

"आता काय?" अक्कानं विचारलं. तिचा आवाज बसला होता.

"आता साद पुन्हा ऐकायला लागली. जो आवाज त्याच्याजवळ सगळ्यात जास्त, तो धरणार." मॅडमनी ईश्वरीकडं बघितलं, मग संकोचून अक्काकडं. "आणि त्याला अजून तुमचीच सवय आहे. तुम्ही बोललात की तो तुमच्याकडं धावणार, जवळ येणार, आणि साद पुन्हा तुम्हालाच..."

"म्हणजे मी बोलायचं नाही."

"त्याच्यासमोर. काही आठवडे."

"ठीक आहे," अक्का म्हणाली. "नाहीतरी लई बडबड करते मी."

---

ईश्वरी मुळात अबोल. कारखान्यात दिवसदिवस ती संगणकासमोर न बोलता काढायची. तिनं रजा घेतली आणि बोलायला लागली. कणीक कशी मळतात ते बोलली, पाणी कधी येतं ते बोलली, रस्त्यावरच्या रिक्षांचे रंग, टॉवेलाच्या किनारीत किती धागे, शेजारच्यांच्या कुत्र्याचे गुण. स्वतःच्या आवाजात बोलणं आधी जड गेलं. हेल मधेच अक्काकडं वळायचा, मग ती थांबायची, पाणी प्यायची, पुन्हा सुरू. ओजस मात्र हरवल्यासारखा फिरायचा. आता कुठलाच आवाज उजेडात नव्हता, सगळे सारखेच धूसर. तो दारात जाऊन उभा राहायचा आणि समोरच्या घराकडं बघायचा.

समोरच्या घरातून भांड्यांचा आवाज यायचा. अक्का यायची, त्याला न्हाऊ घालायची, केस विंचरायची, भरवायची. ओठ मिटलेले. तो तिची हनुवटी धरून हलवायचा, बंद पडलेलं खेळणं हलवावं तशी. ती हसायची आणि मान हलवायची. भाजीवाल्याला ती बोटानं कढीपत्ता दाखवायची. मामा विचारायचा, मौन धरलंय काय ओ ताई? ती मान डोलवायची.

दिवस गेले. उन्हाळा उतरणीला लागला. एका सकाळी ईश्वरीकडं सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. अक्का ईश्वरीच्याच ओट्यापाशी भाकरी थापत होती. ओजस ईश्वरीच्या समोर मांडी घालून, तिच्या ओठांकडं डोळे लावून बसला होता. तो हल्ली असा बसायला लागला होता, पण त्यावर भरवसा ठेवायची तिची छाती नव्हती.

"तुला एक ताई होती," ती म्हणाली.

ओट्यावरची थापथाप जरा मंदावली.

"रेवाताई. तिला ना, कैरी आवडायची. मीठ-तिखट लावून. आणि ती गच्चीत पतंगासारखी पळायची. एकदा काय झालं, कुणाला न सांगता ती पाण्याच्या टाकीमागं लपून बसली. सगळे शोधतायत, आत्या शोधतेय, बाबा शोधतायत. कुठंच नाही! मग अंधार पडायला लागला तशी रेवाताई घाबरली. आणि टाकीमागून केवढ्यांदा ओरडली..." ईश्वरीनं दोन्ही हात तोंडाशी धरले. "आऽऽई!"

"ओ!" ओट्यापाशी अक्का म्हणाली.

भाकरी परातीत तशीच. अक्कानं पिठाचा हात तोंडावर ठेवला. इतक्या दिवसांनी फुटलेला तो आवाज स्वयंपाकघरात भरून राहिला. स्वच्छ, मोठा, लांबवलेल्या शेपटाचा. ईश्वरीनं ओजसवरची नजर काढून अक्काकडं बघितलं. अक्का मात्र ओजसकडं बघत होती. डोळ्यांत भीती होती. आणि भीतीच्या खाली, न लपणारी, दुसरी गोष्ट. एकदा वळ. एकदाच.

ओजस वळला नाही.

गोष्ट मधेच थांबलेली त्याला चालली नव्हती. तो गुडघ्यांवर उठला, त्यानं आपले दोन्ही चिकट तळवे ईश्वरीच्या गालांवर ठेवले आणि तिचं अक्काकडं वळलेलं तोंड परत आपल्याकडं ओढून घेतलं. पुढं सांग, असं ते डोळे म्हणत होते.

मग पाठीमागं परातीत हात पडला, आणि थापथाप पुन्हा सुरू झाली. आधी अडखळत, मग एका लयीत.

"मग?" पाठ न वळवता अक्का म्हणाली. "मग आत्यानं काय केलं? सांग की गं त्याला."